मानेत चढलेला वारा

1975 च्या एप्रिलपासून 1979 च्या जानेवारीपर्यंत ज्या ख्मेर रूज राजवटीने कंबोडियात पंधरा-वीस लाख माणसे उपासमारीने, वेठबिगारीने आणि कत्तलींनी संपविली, तिच्या तावडीतून निसटून थायलंडच्या सरहद्दीवरील छावण्यांमार्गे जे निर्वासित अमेरिकेत पोहोचले, त्यांच्या निवाऱ्याची तजवीज झाली; मनाची विचारपूस फारशी कोणी केली नाही. लाँग बीच येथील त्यांच्या वस्तीची पाहणी 2005 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा दोन दशके उलटूनही शेकडा 62 जण आघातोत्तर मनोविकाराने ग्रस्त आढळले.

असा रोगी दवाखान्यात येतो तो मन खचल्याचे सांगत नाही. अंगातला वारा हातापायांतून वर उसळून छातीत कोंडला, मानेत चढला, आता शिरा फुटून प्राण जाणार, अशी त्याची फिर्याद असते. घरची माणसे नाण्याने पाठ घासून तो वारा उतरवितात, आणि ते लाल वळ पाहून मारहाणीचा संशय घेणारे डॉक्टरही निघाले! वातपित्तकफाच्या संस्कारात वाढलेल्या आपल्या वाचकास तरी ही फिर्याद परकी वाटू नये.

अमेरिकेतल्याच लोवेल येथे डेव्हन हिंटन या मनोविकारतज्ज्ञाने ती खुळचट समजून खारीज केली नाही. जिला रोगी वाऱ्याचा झटका समजतो ती चक्कर पूर्वीच्या भयाची जागृती कशी असू शकते, हे त्याच्याच अनुभवाच्या आधारे उलगडून दाखवीत त्यांनी उपचारास बौद्धांच्या मैत्रीभावनेची जोड दिली, आणि स्वप्नांत येणाऱ्या मृतांचीही चौकशी केली. त्या राजवटीने भिक्षूंची चीवरे उतरविली, विहार बंद पाडले, प्रेते विधीवाचून पुरली. तेव्हा जिवलगांना गती मिळाली नसेल, ही टोचणी वाचलेल्यांना झोपू देत नाही. ख्मेर लोकांतही भाद्रपदाच्या वद्य पक्षात पितरांना भाताचे गोळे अर्पण करण्याचा पंधरवडा पाळतात. तेव्हा विहारात जाऊन मृतांच्या नावे पुण्य केलेत काय, हा प्रश्न मला औषधाच्या मात्रेइतकाच वैद्यकीय वाटतो. अर्थात संस्कृतीच्या सबबीवर औषधच नाकारणे हा शुद्ध अपराध होय.

माझी खरी तक्रार दुभाष्यावरील खर्चाच्या कलमाविषयी आहे. दुभाष्याचे काम पुष्कळदा रोग्याच्या शाळकरी मुलावर येऊन पडते. जे आईने जन्मभर त्याच्यापासून लपविले, ते त्याच्याच तोंडून ती डॉक्टरास कसे सांगणार? बॉस्टन येथे 1981 मध्ये रिचर्ड मोलिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या दवाखान्यात निर्वासितांच्याच समाजातील माणसे शिकवून उपचारात सामील करून घेतली गेली. अशांचा पगार तात्पुरत्या अनुदानावर न टांगता दवाखान्याच्या कायम आस्थापनेत, परिचारिकेच्या पगाराशेजारी, मुक्रर झाला पाहिजे, म्हणजे अनुदानाची मुदत सरली तरी दुभाष्या आपल्या जागी राहील.