पायांकडे बघताय ना?

फेशिअलला दीड हजार, हेअरकटला आठशे आणि पायांना? जवळच्या कुणाचं लग्न असेल तर एखादं पेडिक्युअर! बिचारे दहा-दहा तास बुटात कोंडलेले असतात. तक्रार करतात, तीही आपण ऐकत नाही.

माझं आजोळ शहापूर. आसनगावजवळचं नव्हे, भंडारा जिल्ह्यातलं, धानाच्या बांध्यांचं. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की मामी आणि तिच्या सोबतिणी दिवसभर चिखलात. आठवड्याभरात बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, सोलतात, रात्री नुसती आग. या चिखल्या. आता गंमत बघा, आयुष्यात कधी चिखल न तुडवलेल्या, एसीत बसणाऱ्या माझ्या मित्राला अगदी हेच झालं. डॉक्टरांनी त्याला ‘अ‍ॅथलिट्स फूट’ असं भारदस्त नाव दिलं, एवढाच फरक. बुरशीला बांधी काय आणि ऑफिस काय, ओल आणि ऊब मिळाली की झालं!

उपाय साधे आहेत. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या पुसा, सुती मोजे रोज बदला, बुटांना एक दिवसाआड सुट्टी द्या. क्लोट्रिमॅझोलसारखं मलम लावा आणि खाज थांबल्यावरही दोन आठवडे लावत राहा. स्टेरॉइड मिसळलेली मलमं मात्र मनाने आणू नका. दोन दिवस बरं वाटतं आणि मग बुरशी दुप्पट जोमाने पसरते.

भेगांसाठी कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय, हलक्या हाताने वज्री, वर पेट्रोलियम जेली आणि रात्रभर मोजे. भोवरीला ब्लेड लावू नका, बोटं दाबणारा बूट बदला. सकाळी पहिलं पाऊल टाकताच टाचेत कळ येते? पोटरीचे स्ट्रेचेस करा, गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवा. धीर मात्र हवा, काही महिने लागतात.

आता छोटी मंडळी. पाच-सहा वर्षांपर्यंत तळवे सपाट दिसणं नॉर्मल आहे. मुलाला चवड्यांवर उभं करा. कमान दिसली आणि दुखत नसेल तर महागडे बूट नकोत. पण जन्मतःच पाऊल आत वळलेलं असेल तर थांबू नका. गावाकडे अजून ‘ग्रहण पाळलं नाही’ म्हणून आईला बोल लावतात. ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही. पॉन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला एक अशी साधारण पाच-सहा प्लास्टरं, बहुतेकांना टाचेमागच्या घट्ट शिरेला छोटासा छेद, आणि मग चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना खास बूट. घोळ इथेच होतो. पाय सरळ दिसला की बूट माळ्यावर जातात आणि पाऊल पुन्हा वळतं! 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे उपचार सरकारी खर्चाने होतात.

आणि घरातली मोठी माणसं? माझ्या मामाला शुगर आहे. बांधीवर काटा रुतला तर त्याला कळतच नाही, संध्याकाळी फरशीवरचं रक्त मामीला दिसतं. मधुमेहात पायांची जाणीव अशी गुपचूप जाते आणि न दुखणारी जखम चिघळून पाऊल गमावण्याची वेळ येते. म्हणून मामी रोज रात्री त्याच्या तळव्याखाली आरसा धरते. शुगरवाल्यांनी भोवरीची औषधी पट्टीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. त्यातलं अ‍ॅसिड चांगली कातडीही जाळतं.

सणावाराला आईबाबांच्या पाया पडतोच ना आपण? पुढच्या वेळी वाकलात की दोन मिनिटं जास्त वाका. तळवे नीट बघा. आशीर्वाद काय, मिळेलच!