सतरा इंचांचा सोस

परवा भाचा आला तो हॉर्न वाजवतच. सावद्यातली आमची निम्मी गल्ली बाहेर आली. त्याच्या स्विफ्टला नवी अलॉय लागली होती. सतरा इंची, काळी कुळकुळीत, कडेला लाल रेघ. "मामा, आता दिसते की नाही स्पोर्ट्स कार?"

दिसते झकासच, खोटं कशाला बोला? पण माझी नजर गेली रिमच्या बाहेर उरलेल्या रबरावर. आणि आनंदात मिठाचा खडा टाकणं हे मामा लोकांचं कामच असतं. तर टाकतो :-)

टायरवरचे आकडे वाचायला आपल्याला कुणी शिकवत नाही. आधी गाडीला होतं १६५/८० आर १४. म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ८० टक्के (१३२ मिलिमीटर), आणि आतली रिम १४ इंची. पूर्ण चाकाची उंची झाली साधारण ६२० मिलिमीटर. आता लागलंय २०५/४५ आर १७. याचा हिशेब करा. उंची येते ६१६!

म्हणजे चाक मोठं झालंच नाही. किंचित लहानच झालं. वाढलं ते धातू, आणि कमी झाली ती हवा. १३२ मिलिमीटरची बाजू ९२ वर आली. पैसे देऊन चार सेंटिमीटर हवा विकली म्हणायची.

बरं, रबर जास्त ठेवून २०५/५० घातलं असतं तर? उंची जाते ६३७ च्या आसपास. मग स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासण्याची भीती, आणि काटा शंभर दाखवेल तेव्हा गाडी पावणेतीन किलोमीटर जास्त धावत असेल.

ही हवा काही शोभेची नसते. खड्ड्याचा पहिला मार तीच खाते. शॉकअपचा नंबर नंतर. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असायची, तिच्यावर बसून शेतात गेलेल्या माणसाला विचारा कंबरेचे हाल. रबर पातळ करत करत आपण परत धावेकडेच निघालोय, तेही कर्ज काढून!

आणखी एक आकडा कुणी बघत नाही. मापाच्या पुढे ८४, ८५, ८८ असं काही छापलेलं असतं. तो वजनाचा आकडा. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, ८४ म्हणजे ५००. भाच्याच्या रुंद, दणकट दिसणाऱ्या टायरवर ८४ आहे. जुन्या 'बारक्या' टायरवर ८५ होता. याच मापात ८८ चं जास्त भाराचं टायरही मिळतं, पण ते मागावं लागतं. दुकानात आपण रंग विचारतो, हे विचारत नाही.

राहिली स्पोर्ट्स कारची गोष्ट. १९८९ साली आलेल्या माझदाच्या त्या प्रसिद्ध दोन सीटच्या मियाटाला १४ इंची चाकं होती. फॉर्म्युला वनच्या गाड्या २०२१ पर्यंत १३ इंची रिमवर पळाल्या. २०२२ पासून १८ इंची आल्या, पण तिथे खड्डे नसतात. चाक जड झालं की गाडी उचल कमी घेते, ब्रेकला काम वाढतं. म्हणजे दिसायला स्पोर्ट्स, चालायला मालगाडी.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं. घरच्यांना ती रात्र माहीत आहे. वडिलांच्या छातीत दुखायला लागलं, त्यांना मागे झोपवून जळगावला निघालो. पावसाची झड चालू. फैजपूर मागे पडलं आणि खड्ड्याच्या काठाने पुढच्या टायरची बाजू कापली गेली. गाडीला माझीच हौसेची सतरा इंची अलॉय. स्टेपनी मात्र जुनी, पत्र्याच्या डिस्कची. अलॉयचे नट तिला बसेनात, आणि जुने नट घरी डब्यात! केळीच्या एका ट्रकवाल्याने वडिलांना उचलून केबिनमध्ये घेतलं. ते वाचले. त्याचं श्रेय त्या ड्रायव्हरला, मला नाही.

रुंद टायरची पकड चांगली असते, वळणावर गाडी कमी झुलते, हे मला मान्य आहे. म्हणूनच कंपनी वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ देते. उंची ६२१, वजनाचा आकडा ८८. हौस असेल तर तिथे थांबा. एक इंच पुरे. त्यापुढे जातं ते गल्लीला दाखवायला, आणि गल्ली काही रात्री दोन वाजता भुसावळ रस्त्यावर मदतीला येत नाही.

असो. भाचा हे वाचणार आणि फुगणार. फुगू दे.

बाळा, जुनी चाकं अजून विकली नसशील तर रविवारी घेऊन ये. जॅक माझ्याकडे आहे. आणि नटांचा डबा विसरू नकोस.