नामशेष संघराज्य

खोपट म्हणजे लहानशी झोपडी, हें वाचकांस सांगावयास नको. ठाण्याच्या आमच्या खोपटांत आज एस. टी. चें स्थानक आहे, सभोंवार उंच इमारती आहेत. झोपडी गेली, नांव राहिलें. एका बलाढ्य राष्ट्राच्या बाबतींत ह्याच्या अगदीं उलट घडलें. नांव नकाशावरून गेलें, माणसें जेथल्या तेथें राहिलीं. ह्याची आठवण आम्हांस दिवाळीच्या साफसफाईंत झाली.

माळ्यावरून मॉस्कोस छापलेलें एक मराठी बालपुस्तक निघालें. नातवानें नकाशा धुंडाळून विचारिलें, "आजोबा, सोव्हिएट संघ कोठें आहे?" आम्हीं सहज उत्तर दिलें, "अरे, तो रशियाच!" बोलून गेल्यावर आमची चूक आमच्या ध्यानांत आली.

त्या राज्याचें पूर्ण नांव 'सोव्हिएट समाजवादी प्रजासत्ताकांचा संघ'. 'सोव्हिएट' ह्या रशियन शब्दाचा अर्थ सल्ला, तसेंच सल्लामसलतीचें मंडळ. १९०५ च्या क्रांतींत कामगारांनीं अशीं मंडळें स्थापिलीं, तेव्हांपासून तो राजकारणांत रूढ झाला. ह्या सबंध नांवांत कोणत्याही भूमीचें वा लोकांचें नांव नाहीं, आणि तें हेतुपुरस्सर. इतर प्रजासत्ताकांस रशियन प्रजासत्ताकांत सामील करून घ्यावें, अशी स्टॅलिनची योजना होती. रुग्णाईत लेनिननें तीस विरोध करून, सर्वांनीं समान नात्यानें नव्या संघांत यावें असा आग्रह धरिला. त्याप्रमाणें ३० डिसेंबर १९२२ रोजीं रशिया, युक्रेन, बायलोरशिया व ट्रान्सकॉकेशिया ह्या चौघांचा संघ झाला. अखेरीस घटक पंधरा होते.

परंतु नांवांतील समता व्यवहारांत उतरली नाहीं. फुटून निघण्याचा हक्क घटनेंत लिहिलेला होता. पण मसलतीचीं मंडळें नांवालाच उरलीं आणि सत्ता एका पक्षाच्या हातीं गेली. १९३२-३३ सालीं सरकारी धान्यवसुलीनें एकट्या युक्रेनमध्यें लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. १ डिसेंबर १९९१ रोजीं त्याच युक्रेननें शेंकडा नव्वदांहून अधिक मतांनीं स्वातंत्र्यास कौल दिला. २५ तारखेस गोर्बाचेव्हनीं राजीनामा दिला, आणि दुसऱ्या दिवशीं संघ विसर्जित झाला.

आणि आपण मराठी घरांत काय म्हणत आलों? १९६६ सालीं लालबहादुर शास्त्री ताश्कंदास वारले. आपण म्हणालों, रशियांत. ताश्कंद उझबेकिस्तानांत आहे. १९८४ सालीं राकेश शर्मा ज्या बैकोनूरहून अंतराळांत गेले, तें कझाकस्तानांत. १९८९ च्या जनगणनेंत रशियन लोक निम्म्याहून किंचित् अधिक भरले. उरलेल्यांचीं नांवें आपल्या जिभेवर क्वचितच आलीं. २०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर स्वारी केली आणि तेथें वैद्यकी शिकणारीं आपलीं मुलें जीव मुठींत धरून परतलीं, तेव्हां कोठें तो भेद आपल्या घरांत शिरला.

संपलेल्या वस्तूस आपण 'नामशेष' म्हणतों. म्हणजे नांव तेवढें उरलें. येथें तें नांवही आपण नीट उच्चारिलें नव्हतें. आपणांस कोणी शेजाऱ्याच्या नांवानें हांक मारिली, तर आपण तात्काळ त्याची चूक सुधारितों. इतरांसही तोच मान हवा असणार.

दुसऱ्या दिवशीं आम्ही आजोबा-नातू नकाशा घेऊन बसलों आणि पंधराही नांवें शोधून काढिलीं. त्यांतील चार आम्हांसही नवींच होतीं.