एक बूट, दोन गुंड आणि निसटलेला रशियन

डिसेंबर २००० मध्ये न्यू जर्सीतल्या एसेक्स काउंटीचे प्रमुख जेम्स ट्रेफिंगर यांनी एका टीव्ही मालिकेला काउंटीच्या जंगलात चित्रीकरण करू द्यायला नकार दिला. मालिका होती ‘द सोप्रानोज’. तिच्यामुळे इटालियन-अमेरिकन समाजाची बदनामी होते, तेव्हा सरकारी जमीन तिला मिळणार नाही, असं कारण देण्यात आलं. निर्मात्यांनी बिऱ्हाड हलवलं आणि राज्याची हद्द ओलांडून न्यूयॉर्कच्या हॅरिमन स्टेट पार्कात कॅमेरे लावले. पुढे २००३ मध्ये याच ट्रेफिंगर यांनी तपासात अडथळा आणल्याचा आणि टपालमार्गे फसवणूक केल्याचा गुन्हा कोर्टात कबूल केला. त्यांना १३ महिन्यांची कैद झाली. एखाद्या पटकथालेखकाने हे कागदावर आणलं असतं, तर ‘फारच सोयीचं जमवलंय’ म्हणून दिग्दर्शकाने खोडून टाकलं असतं.

ज्या भागासाठी ही परवानगी मागितली होती, त्याचं नाव ‘पाइन बॅरन्स’. तिसऱ्या सीझनचा अकरावा भाग. एचबीओवर तो ६ मे २००१ रोजी दाखवला गेला. तोपर्यंत मालिकेला सव्वादोन वर्षं झाली होती आणि टोनी सोप्रानो हा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणारा माफिया म्होरक्या अमेरिकेत घराघरांत पोचला होता. खऱ्या गुंडांच्या घरांतही. एफबीआयने १९९९ मध्ये चोरून ध्वनिमुद्रित केलेल्या संभाषणांत न्यू जर्सीच्या डिकॅव्हलकांटे टोळीतली माणसं या मालिकेबद्दल बोलताना सापडली. हे आपल्यावरच बेतलंय का, असा त्यांना प्रश्न पडला होता. त्या आवाजात संताप कमी आणि कौतुक जास्त होतं, हे विशेष.

‘पाइन बॅरन्स’ची गोष्ट सांगायला दोन मिनिटं पुरतात. स्लाव्हा नावाचा रशियन टोनीचा काळा पैसा पांढरा करून देतो. त्याचा जिवाभावाचा मित्र व्हॅलेरी. त्याच्याकडून रक्कम आणायचं काम एरवी टोनीच्या टोळीतल्या सिल्व्हिओचं, पण तो तापाने अंथरुणावर आहे. म्हणून टोळीतलाच पॉली जातो आणि सोबत ख्रिस्टोफर. निमूटपणे पैसे घेऊन निघावं, तर ते पॉलीच्या स्वभावात नाही. तो व्हॅलेरीला डिवचतो आणि त्याचा महागडा रिमोट उगाचच जमिनीवर टाकतो. शिवीगाळ, झटापट, मग दिवाणखान्यातल्या उभ्या दिव्याने दाबलेला गळा. माणूस मेला असं समजून दोघं त्याला गालिच्यात गुंडाळतात, गाडीच्या डिकीत घालतात आणि दक्षिणेकडच्या ‘पाइन बॅरन्स’ नावाच्या ओसाड जंगलाकडे निघतात. डिकी उघडतात, तर व्हॅलेरी जिवंत. त्याच्याच हातात फावडं देऊन त्याला स्वतःचा खड्डा खणायला लावतात. तो त्याच फावड्याने ख्रिस्टोफरचं डोकं फोडून पळतो. पॉली मागून गोळी झाडतो. गोळी डोक्याला लागल्यासारखी दिसते, बर्फावर रक्ताचा माग दिसतो आणि पुढे तो मागच संपतो. माणूस नाही, प्रेत नाही, काही नाही.

इथून पुढचा अर्धाअधिक भाग खुनाचा नाहीच. तो थंडीचा आणि भुकेचा आहे.

गाडी कुठे लावली होती, हे दोघांनाही आठवत नाही. पळापळीत पॉलीचा एक बूट बर्फात राहतो. ख्रिस्टोफर रशियन समजून गोळी झाडतो आणि पडतं ते हरीण. रात्री एका सोडून दिलेल्या व्हॅनमध्ये आसरा मिळतो. तिथे सापडलेली केचपची आणि लोणच्याच्या चटणीची पाकिटं ओरपताना हे दोघे नामचीन गुंड दिसतात. हजारो डॉलरची वसुली करणारी माणसं सॉसच्या पुड्या चोखतायत. पॉली साधा माणूस नाही, हे लक्षात घ्यायला हवं. भागाच्या सुरुवातीला तो नखांना पॉलिश करून घेत बसलेला असतो. सूट इस्त्रीचा, केस जागच्या जागी, कानांवरचे दोन पांढरे पट्टे एखाद्या बिल्ल्यासारखे मिरवलेले. त्या माणसाला दिग्दर्शक हळूहळू सोलत जातो. आधी नखं, मग बूट, शेवटी केस.

केसांचा किस्सा सांगितलाच पाहिजे. पॉलीचं काम करणारे टोनी सिरिको आपल्या केसांना कुणाला हात लावू देत नसत. सेटवर यायच्या आधी स्वतःच विंचरून येत. रात्रभर जंगलात भटकलेल्या माणसाचे केस असे चापूनचोपून बसलेले चालणार नव्हते. दिग्दर्शक स्टीव्ह बुशेमी यांनी बरीच मनधरणी केली आणि अखेर सिरिको यांनी स्वतःच्या हाताने केस विस्कटले. सिरिको हे तरुणपणी खरोखरच गुन्हेगारीत होते, २८ वेळा अटक झालेले, तुरुंगात २० महिने काढलेले. आपलं पात्र खबऱ्या निघणार नाही, ही अट घालूनच त्यांनी मालिका स्वीकारली होती. जुलै २०२२ मध्ये ते गेले. गुंडाची दहशत त्याच्या पिस्तुलाइतकीच त्याच्या टापटिपीतही असते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

बुशेमी यांची निवडही मजेची. मालिकेत नट म्हणून ते २००४ मध्ये आले, पण त्याआधी इथे दिग्दर्शनाला बसले. कोएन बंधूंच्या ‘मिलर्स क्रॉसिंग’ (१९९०) या चित्रपटात ते होते. एका माणसाला गोळी घालायला जंगलात नेतात, हा त्यातला गाजलेला प्रसंग. १९९६ च्या ‘फार्गो’त त्यांनी बर्फात पैशांची बॅग पुरणारा गुन्हेगार रंगवला. जंगल, बर्फ आणि फसलेले गुन्हेगार यांची तालीम त्यांची आधीच झालेली होती.

बर्फ मात्र कुणी मागवलेलं नव्हतं. मूळ पटकथेत ते नव्हतंच. चित्रीकरणाच्या तोंडावर जोरदार हिमवर्षाव झाला आणि सगळं पांढरं पडलं. तो झाला नसता, तर हा भाग बहुधा करड्या पाचोळ्यात घडला असता आणि इतका लक्षात राहिला नसता. खरं पाइन बॅरन्स हा वेगळाच मुलूख आहे. वाळूमिश्रित जमीन, बुटके पाइन, क्रॅनबेरी-ब्लूबेरीची शेतं, असा दहा लाख एकरांहून मोठा पट्टा. १९७८ मध्ये अमेरिकी सरकारने त्याला राष्ट्रीय संरक्षण दिलं. मालिकेतलं हॅरिमन पार्क उत्तरेला, डोंगराळ, पानगळ झालेल्या झाडांचं. नाव पाइनचं, पण पडद्यावर बहुतेक निष्पर्ण झाडंच दिसतात. न्यू जर्सीकरांना ते खटकतं. बाकीच्यांना नाही, आणि खटकू नये.

गोष्टीचा उगम एका स्वप्नात आहे. मालिकेचे एक दिग्दर्शक टिम व्हॅन पॅटन यांना पॉली आणि ख्रिस्टोफर जंगलात हरवल्याचं स्वप्न पडलं. ते त्यांनी लेखक टेरेन्स विंटर यांना सांगितलं, तिथून ते निर्माते डेव्हिड चेस यांच्याकडे पोचलं. पटकथा विंटर यांनी लिहिली. त्यांचा विनोद कसा चालतो, ते फोनच्या प्रसंगात कळतं. धड ऐकू न येणाऱ्या मोबाइलवर टोनी पॉलीला सावध करतो, की हा व्हॅलेरी रशियन गृहखात्याच्या फौजेतला आहे आणि त्याने एकट्याने सोळा चेचेन बंडखोर मारलेत. पॉलीच्या कानात वेगळंच शिरतं. तो ख्रिस्टोफरला सांगतो, याने सोळा चेकोस्लोव्हाक मारलेत आणि हा घरं सजवायचा धंदा करतो. ख्रिस्टोफर चक्रावतो. ज्या घरातून त्याला उचललं, ते तर अगदीच भिकार सजवलेलं होतं! रक्ताळलेल्या डोक्याने माणूस सजावटीवर मत देतो, हा या मालिकेचा खास सूर. प्रेक्षक हसतो, पण हसतानाच त्याला कळतं, की पाठलाग करणारे आता शिकार झालेत.

उपकथानकं भाराभर आहेत आणि सगळी सारख्या तोलाची नाहीत. टोनीची प्रेयसी ग्लोरिया त्याच्या मानेवर शिजवलेलं मांस फेकून मारते, तो तुकडा नेमका बसतो आणि प्रसंगही. टोनीची मुलगी मेडो आणि तिचा मित्र जॅकी ज्युनियर यांचा स्क्रॅबलचा डाव त्या मुलाची अक्कल दोन मिनिटांत उघडी करतो. शिकारीच्या पेहरावात अवतरलेला टोळीतला अगडबंब बॉबी पाहून टोनी लोटपोट हसतो. आणि हाच बॉबी, ज्याची सगळी टोळी टर उडवते, जंगलाची माहिती असलेला एकमेव माणूस ठरतो. टोनीसोबत जाऊन पहाटे तोच पॉली आणि ख्रिस्टोफरला शोधून काढतो. पॉलीची गाडीही तोवर गायब झालेली असते.

परतीच्या वाटेवर टोनी पॉलीपुढे निर्णय ठेवतो. व्हॅलेरीला शोधायचं की सोडून द्यायचं, तू ठरव; पण तो परत आला, तर निस्तरायचं तुलाच. पॉली घरी जाऊ या म्हणतो. सेसिलिया बार्तोली यांच्या आवाजातली इटालियन रचना सुरू होते आणि भाग संपतो.

त्यानंतर चेस यांना वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारला गेला : त्या रशियनाचं काय झालं? लोकांनी तर्क लढवले, पुढच्या भागांत त्याच्या खुणा शोधल्या. मागाहून विंटर यांनी सांगितलं, की नंतरच्या एका सीझनसाठी एक प्रसंग सुचला होता. ख्रिस्टोफर स्लाव्हाच्या ठिकाणी जातो आणि तिथे डोक्याची कवटी चेपलेला व्हॅलेरी झाडू मारताना दिसतो, असा तो प्रसंग. चेस यांनी तो घेतला नाही.

चेस यांचा नकार योग्यच होता. व्हॅलेरी परत आला असता, तर तो सूड उगवणारा नेहमीचा खलनायक झाला असता. मेलेला सापडला असता, तर पॉलीची एक चूक निस्तरली गेली असती, एवढंच. आता ती चूक कायमची उघडी आहे. टोळीच्या जगात प्रत्येक गोष्टीचा हिशेब होतो अशी या माणसांची श्रद्धा असते. घेतलेला डॉलर परत येतो, केलेला अपमान परत येतो. एका भांडखोर म्हाताऱ्याने रिमोट पाडला, त्यातून एक माणूस जंगलात गेला आणि तो कुठल्याच खात्यात जमा झाला नाही, हे त्यांना झेपत नाही. प्रेक्षकांनाही झेपलं नाही, यातच या भागाचं यश आहे. कोडं सोडवून दाखवणाऱ्या मालिका पैशाला पासरी आहेत. न सोडवता सहा वर्षं तग धरायला धारिष्ट्य लागतं.

ज्यांनी ‘द सोप्रानोज’ अजून पाहिली नाही, त्यांनी नाव ऐकून थेट या भागावर उडी मारू नये. आधीचे ३६ भाग पाहावेत. पॉलीच्या बुटाची आणि केसांची किंमत तेव्हाच कळते. आणि मग १० जून २००७ च्या अखेरच्या, ८६ व्या भागापर्यंत व्हॅलेरीची वाट पाहत बसू नये. तो येत नाही.