घुशीचे डोळे

बागेतल्या मातीचे ढिगारे पाहून घुशीच्या नावाने बोटे मोडली नाहीत असा कोथरूडकर विरळाच! सप्टेंबर २०१८ मध्ये दांडेकर पुलाजवळ मुठेचा उजवा कालवा फुटला, तेव्हा मंत्रिमहाशयांनीही उंदीर-घुशी-खेकड्यांकडेच बोट दाखविले. (बिचाऱ्यांना वकील कोण देणार?)

पण वाचकहो, घूस काही अस्सल भुयारवासी नव्हे. रात्री ती पोटासाठी वर येते, म्हणून तिचे डोळे शाबूत आहेत. इस्रायलकडच्या आंधळ्या उंदराचा सारा जन्म जमिनीखाली जातो. तिथे अधू नजरेचे पिल्लूही डोळस भावंडाइतकेच जगते. त्यामुळे नजरेच्या जनुकांतले बिघाड पिढ्यान्‌पिढ्या साचले आणि डोळे कातडीखाली गेले. गंमत अशी, की त्या झाकल्या डोळ्यांना दिवस-रात्र अजून कळते! ते जनुक उपयोगाचे, म्हणून टिकले.

आफ्रिकेतला बिनकेसांचा उंदीर आणखी पुढचा. दाटीच्या बिळात हवा कोंदते. प्राणवायू अजिबात नसताना तो १८ मिनिटे तगतो, असे २०१७ मध्ये दिसून आले. त्या वेळी त्याचा मेंदू फलशर्करेवर चालतो.

कोथरूडच्या घुशीला असली कसरत हवी कशाला? तिचे ताट आपण रोज रात्री वरच वाढून ठेवतो.