अमृतसरचे तंबू

१८५८ साली, कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य आले त्याच वर्षी, हिंदुस्थानात वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला. माणसाला आत कसे घालायचे याची त्यात चोख तजवीज होती. बरे करून घरी कसे धाडायचे, याची फारशी फिकीर नव्हती. नागपूर, रत्नागिरी, ठाणे, येरवडा इथली मनोरुग्णालये इंग्रजी अमलातच उभी राहिली. १९४६मध्ये देशातल्या आरोग्यसेवांची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला तेव्हा एवढ्या अवाढव्य देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम १०,००० खाटा होत्या. बाकीची माणसे कुठे होती? घरात, गोठ्यात, देवळाच्या पायरीवर.

या चाकोरीला पहिला मोठा छेद दिला तो अमृतसरमध्ये. फाळणीनंतर तिथले मनोरुग्णालय खच्चून भरले होते. १९५०च्या दशकात तिथले प्रमुख असलेल्या डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत येऊन राहायला सांगितले. आई, बायको, भाऊ तिथेच राहात, औषध कसे द्यायचे ते शिकत, इतर कुटुंबांशी बोलत. आपल्याच घरावर कोप झालेला नाही, हे शेजारच्या तंबूतल्या माणसाकडे पाहून त्यांना कळे. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले, आणि घरचे लोक त्यांना न्यायला तयार असत. पुढे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयानेही हीच वाट धरली. माझ्या मते स्वतंत्र भारतातल्या मानसोपचाराच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची घटना आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला जागा नाही.

१९७५च्या सुमारास बंगळूरजवळचे सकलवारा आणि चंडीगडजवळचे रायपूर राणी इथे खेड्यातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना मनाचे आजार ओळखायला शिकवण्याचे प्रयोग झाले. त्यांच्या बळावर १९८२मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला. कागदावर तो उत्तम होता. जिल्हा पातळीवरची योजना यायला मात्र १९९६ उजाडले.

पण ‘समाज’ म्हटले की सगळे गोड, असे मानणाऱ्यांनी तामिळनाडूतले एरवाडी आठवावे. ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या, मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. आतली माणसे साखळदंडांनी बांधलेली होती. पंचविसाहून अधिक जणांचा त्यात जीव गेला. ते सरकारी इस्पितळ नव्हते. तिथे माणसे आणून सोडणारी त्यांचीच कुटुंबे होती, कारण जवळपास दुसरे काही उपलब्ध नव्हते. हाताशी उपचार नसले आणि हक्काचे भान नसले की जवळची माणसेच बेडी ठोकतात. शिवाय गावाच्या पारावर सगळ्यांना सारखी जागा कधीच नव्हती. दलित वस्तीतली विधवा, तृतीयपंथी व्यक्ती, नवऱ्याने टाकलेली बाई यांच्या दुःखाला अनेकदा तोच पार कारणीभूत असतो. म्हणून मनातले दुःख ऐकून घेणारे माणूस कोण, कुठल्या वस्तीतले, हा प्रश्न उपचाराइतकाच महत्त्वाचा ठरतो.

गोव्याच्या ‘संगत’ संस्थेने या प्रश्नाला जोखून पाहिलेले उत्तर दिले. स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत बसवले. गरज पडली तर मागे मानसोपचारतज्ज्ञ होतेच. २०१०मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत येणाऱ्या, नैराश्य किंवा चिंतेने ग्रासलेल्यांपैकी सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के लोक बरे झाले होते. नेहमीच्याच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. पुढे नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पात गावातल्याच स्वयंसेवकांनी लोकांच्या बैठकीत बसून, त्यांच्या बोलीत हे काम केले. त्यात मला सर्वाधिक भावते ती एक गोष्ट: हे स्वयंसेवक सरकारी योजनांचा लाभ मिळवून द्यायलाही मदत करत. पेन्शनच्या अर्जासाठी हेलपाटे घालणाऱ्या म्हातारीच्या मनावरचा भार नुसत्या बोलण्याने कसा उतरणार?

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंडाला बंदी घातली, समाजात राहण्याचा हक्क मान्य केला, आणि जात, लिंग, लैंगिक कल, धर्म, वर्ग यांवरून सेवेत भेदभाव करता येणार नाही असे लिहिले. १८५८पासूनचा हा केवढा मोठा पल्ला!

आता अडते ते पैशापाशी. गोव्यातल्या समुपदेशकांना प्रशिक्षण होते, कामाची नियमित तपासणी होती, अडल्यावर विचारायला वरचे माणूस होते. योजना राज्यभर नेताना हेच सगळे आधी गळते, आणि उरते ते आशा सेविकेच्या पिशवीत पडलेले आणखी एक रजिस्टर. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या बाईला गावाचे दुःख ऐकायला सांगायचे आणि त्याला लोकसहभाग म्हणायचे, हा अन्याय आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच परिसरातल्या समुपदेशकाचे पगारी पद हवे, त्या पदांवर वंचित वस्त्यांतल्या व्यक्तींना अग्रक्रम हवा आणि तालुक्याला त्यांच्या पाठीशी उभा राहणारा एक तज्ज्ञ हवा. राज्याच्या पुढच्या अर्थसंकल्पात या तिन्हींसाठी वेगळी तरतूद व्हायला हवी.