मालगुजारांचे वाडे आणि एक दिवसाची सहल

जबलपूरला नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या आम्हा काही मराठी कुटुंबांची मध्यंतरी एक दिवसाची सहल निघाली. भेडाघाट नेहमीचाच, या वेळी वाटाड्या घेऊन आसपासच्या खेड्यांतील जुने मालगुजारी वाडे पाहायचे होते. विदर्भातील वाचकांना हा शब्द परका नाही. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला जिंकले, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांनी जबलपूर घेतले. पुढे गावाचा सारा गोळा करून भरणाऱ्यालाच त्यांनी गावाचा मालक ठरविले, तोच मालगुजार.

एका वाड्यात चार भावांच्या चार चुली होत्या. ओसरीच्या मधोमध विटांची भिंत उठली होती आणि कोठाराचे छप्पर बसले होते. वाटाड्या वैभवाच्या कथा सांगत राहिला. घरच्या वृद्ध बाईंनी आम्हा सर्वांना चहा दिला. परतताना चौकशी केली, तेव्हा कळले की सहलीच्या वर्गणीतील एक पैसाही त्या घरी जात नाही.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. ३१ मार्च १९५१ पासून गावांची मालकी शासनाकडे आली. ते योग्यच झाले. वेठबिगारीवर उभ्या असलेल्या व्यवस्थेसाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. मात्र वाडा आणि घरची शेती कुटुंबाकडे राहिली, वाडा पोसणारे उत्पन्न तेवढे गेले. विदर्भातील माजी मालगुजारी तलाव निदान शासनाच्या दप्तरी तरी आले. वाड्यांची मात्र ‘वारसा’ म्हणून कोठेच नोंद झाली नाही. नांदत्या घराला संरक्षित स्मारक करणे व्यवहार्य नाही, आणि वाटणीत ते पाडले गेले तर कोणाला जाबही विचारता येत नाही.

२०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी होऊन घरमालकांना मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. याच कामाला जोडून ग्रामसभेने जुन्या वाड्यांची यादी करावी. सहलीच्या शुल्कातील ठरावीक हिस्सा छपराच्या दुरुस्तीसाठी त्या कुटुंबाला मिळावा. वाटाड्या त्याच गावचा असावा, आणि मालकाबरोबरच वेठीला राबलेल्यांची हकीकतही त्याने सांगावी.

यासाठी नवे खाते किंवा मोठा निधी लागणार नाही. जे घर आपण पाहतो, त्याचे आपण देणे लागतो, एवढे मान्य केले तरी पुरे.